ठकूचा कौल

"आधी तुम्ही, विहीणबाई."

"छे, छे. मुलाकडच्या तुम्ही. मान तुमचा."

"अहो, वयाने तुम्ही मोठ्या."

"कोण म्हणतं?"

हे बोलणं चाललं होतं जपानातल्या मिनोसे नावाच्या लहानशा गावी, टेकडीवरच्या किल्ल्यात, तिसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी. जिना कसला, उभी शिडीच. पायांत मोजे, चपला हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पायऱ्या शेकडो वर्षं पुसून पुसून आरशासारख्या झालेल्या. मी आणि माझ्या विहीणबाई, फलटणच्या जयाबाई शितोळे, एकमेकींना हाताने पुढे करत उभ्या होतो. आमच्यामागे रांग लागली होती. आपल्याकडे असतं तर मागून कुणीतरी "ओ मावशी, चला की!" म्हणून ओरडलं असतं. ही माणसं नुसती थांबली. एका आजोबांनी तर आम्हाला वाकून नमस्कार केला. तो पाहून विहीणबाईंनीही वाकून केला, म्हणून आजोबांनी पुन्हा केला, आणि रांग आणखी लांबली.

"माई! आई! कुणीतरी एक चढा ना!" वरून माझी लेक मृणाल ओरडली. तिच्या पोटाशी पट्ट्याने बांधलेली ठकू, म्हणजे आमची दहा महिन्यांची नात, खाली वाकून आमच्याकडे टकामका बघत होती. कागदोपत्री तिचं नाव मैथिली. पण गोल चेहऱ्याची लाकडी ठकीच जणू, म्हणून मी तिला ठकू म्हणायला लागले आणि तेच राहिलं.

शेवटी जयाबाई पुढे झाल्या. पदर खोचला, कठडा धरला आणि चढता चढता म्हणाल्या, "किल्ला म्हणतात हो याला? बाहेरून दूध डेअरीसारखा पांढराफटक. आमच्या संतोषगडावर एकदा यांना चढवायला पाहिजे."

"चढवू की," मी खालून म्हटलं. "पण आधी तुमचा पाय उचला, माझ्या बोटावर आहे."

खरा पेच जिन्याचा नव्हताच. मृणाल आणि जावई रणजित दोघंही तिथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला. मृणालची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि पाळणाघरात जागा मिळणार होती ती थेट शरद ऋतूत. मधले महिने ठकूला सांभाळायला एक आजी हवी होती. एकच, कारण घर दोन खोल्यांचं, आणि आम्ही दोघी आल्यापासून रणजित स्वयंपाकघराच्या ओट्याखाली पाय घालून झोपत होता. आमची दोघींची परतीची तिकिटं एकाच दिवसाची होती. एकीचं पुढे ढकलायचं होतं. पण कुणाचं, हे सांगायची पोरांची छाती नव्हती. "तुम्ही दोघींनीच ठरवा," एवढं बोलून दोघं मोकळे झाले होते.

आणि दोघींनीच ठरवायचं म्हणजे काय, ते कुठल्याही मराठी घराला माहीत आहे. "तुम्हीच राहा, विहीणबाई." "नाही हो, तुमच्या लेकीचं घर, तुम्हीच राहा." "असं कसं? नात तुमच्या घराण्याची." आठवडाभर हाच पाढा चालला होता. मला राहायचं होतं. अगदी जिवापाड राहायचं होतं. कुडाळच्या घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढलेली, आणि इथे घरातच एक विद्यार्थिनी नुकती रांगायला लागली होती. पण तोंडाने "मला राहायचंय" म्हणणं म्हणजे पंगतीत स्वतःच्या हाताने जिलबी वाढून घेण्यासारखं. जयाबाईंनाही राहायचं होतं, हे मला दिसत होतं. मला राहायचंय, हे त्यांनाही दिसत होतं. म्हणून आम्ही दोघी आणखीनच जोराने एकमेकींना आग्रह करत होतो.

किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर वारा छान होता. मृणालने खिडकीतून खाली बोट दाखवलं. टेकडीच्या पायथ्याशी झाडीत एक लाल कमान आणि देवळाचं छप्पर दिसत होतं.

"तिथे पुढच्या पंधरवड्यात उत्सव आहे," ती म्हणाली. "बाळांच्या रडण्याची कुस्ती. मी ठकूचं नाव दिलंय."

"कशाची?" आम्ही दोघी एकदम.

"खरीच. दोन पैलवान समोरासमोर दोन बाळं धरून उभे राहतात. जे बाळ आधी रडेल ते जिंकलं. बाळ मोठ्याने रडलं की वाईटसाईट पळून जातं, मूल धट्टंकट्टं होतं, असं इथे मानतात."

"रडण्याला बक्षीस?" जयाबाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्याकडे पोर रडलं की आधी तीट लावतात आणि मग पैलवानाला जोड्याने हाणतात."

मी मात्र खालच्या छपराकडे बघत राहिले. आमच्या कोकणात काही ठरेनासं झालं की देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भांडणं, लग्नं, विहिरीची जागा, सगळं त्यावर ठरतं. देवाने सांगितल्यावर कुणी कुणाला "तुम्हीच राहा" म्हणायचा प्रश्नच उरत नाही.

"विहीणबाई," मी म्हटलं, "आपण इथल्या देवालाच कौल लावूया का?"

त्यांना समजावून सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"पण कुणाचा कौल कुठला?"

"ठकू आधी रडली तर ती जिंकली. जिंकण्याचा मान तुमचा. म्हणजे ती रडली तर तुम्ही राहायचं. समोरचं बाळ आधी रडलं तर मी."

"नको हो, जिंकण्याचा मान तुम्ही घ्या."

"अहो, मुलाकडच्या तुम्ही."

"बरं," जयाबाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी माझ्याच खुशीत होते. रडणारी पोरं गप्प करणं हा माझा जन्माचा धंदा. दर जूनमध्ये वर्गभर भोकाडं पसरलेली असत, आणि चार दिवसांत तीच पोरं मधल्या सुट्टीत घरी जायला तयार नसत. दहा महिन्यांच्या एका पोरीचं काय घेऊन बसलात!

मृणालकडून खुबीने माहिती काढली. बाळं रडली नाहीत तर पंच काय करतो? तर तो ओरडतो. तरीही नाही रडली तर? तर राक्षसाचा लाल मुखवटा तोंडाला लावतो. बस्स. दुसऱ्या दिवशी किल्ल्याखालच्या दुकानातून मी तसाच कागदी मुखवटा आणला. सुळे, बटबटीत डोळे, दोन शिंगं.

दुपारी जयाबाई आडव्या झाल्या की आमची शाळा भरे. पहिले दोन दिवस मी मुखवटा नुसता चटईवर टाकला. ठकूने त्याचं शिंग चघळलं. मग मी तो हातात धरून बोलायला लागले. मग अर्धं तोंड झाकून. मग पूर्ण झाकायचं आणि लगेच काढायचं, "भोऽऽ!" पोरगी आधी दचकली, मग हसली, मग तिला इतकं वेड लागलं की मुखवटा दिसला नाही की हात आपटायची. भीती अशीच घालवायची असते, बोटाबोटाने. घाई केली की सगळं फुकट.

एकदा मी तोंडाला मुखवटा लावून गुडघ्यांवर उभी असताना मागे दार सरकलं. मी मुखवटा उशीखाली कोंबला आणि घडी घालायला कपडे ओढले. जयाबाई दारात.

"काय गं ठकुबाई, कशाला एवढी खिदळतेस?"

ठकू उशीकडे बघून हसत सुटली.

"घामोळं आलंय तिला," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"हो का? घामोळ्याने हसतात कोकणातली पोरं?" असं म्हणून त्या पाणी पिऊन गेल्या.

ठकूच्या अंघोळीचं खातं जयाबाईंकडे होतं. तेल, डाळीचं पीठ, आणि फलटणहून आणलेला तांब्याचा तांब्या. "प्लास्टिकच्या मगाने न्हाऊन पोर कधी टणक होतं का?" असं त्यांचं म्हणणं. डोक्यावर पाण्याची धार पडली की ठकू ओरडायची, ते सगळीच बाळं ओरडतात. पण हल्ली एक नवीनच चाललं होतं. पाणी अंगावर पडायच्या आधीच, नुसता तांब्या दिसला की तिचा खालचा ओठ बाहेर यायचा आणि सूर लागायचा. मी दोनदा पाहिलं. मनात म्हटलं, पोर हुशार होतेय. त्यापुढे काही मनात आलं नाही.

उत्सवाच्या सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. लाल कमानीपाशी सगळे वाकून आत जात होते. कमानीच्या आत दगडी कुंडात झुळझुळ पाणी आणि त्यावर बांबूच्या पळ्या. जयाबाईंनी पळी उचलली, उजव्या तळहातावर पाणी घेतलं, भक्तिभावाने प्यायल्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"आई! ते हात धुवायचं पाणी आहे!" मृणाल कळवळली.

"देवाच्या दारातलं पाणी तीर्थच. पोटात गेलं ते बरंच झालं."

मागच्या दोन जपानी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यातल्या धाकटीने जयाबाईंचं बघून हात डोक्यावरून फिरवला. मी तोंडाला रुमाल लावला.

देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा वाकायचं. वर्गाला जागं करायला मी टाळ्या वाजवायचे, तशा मी इथे देवासाठी वाजवल्या आणि मनात म्हटलं, बाबा, तू परका, मी परकी. पण कौल माझ्या बाजूने दे. माझ्या शेजारी जयाबाईंच्या टाळ्या माझ्याहून मोठ्या वाजल्या.

"विहीणबाई, पिशवी जड दिसतेय," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"पाण्याची बाटली आहे. ऊन फार."

पिशवी कुठेतरी खांबाला लागली आणि टण्ण असा आवाज झाला. पाण्याची बाटली टण्ण वाजत नाही. मी थबकले. ते रोजचं तांब्या दिसताच रडणं, तो पुढे आलेला ओठ, आणि किल्ल्यावरचं ते झटपट "बरं". सगळं एका क्षणात जुळलं. शिकवणं काय मला एकटीलाच येत होतं?

अंगणात मातीचा गोल आखाडा केला होता. कॉलेजातले दोन पोरगे पैलवान, अंगावर फक्त कमरेचा पट्टा, प्रत्येकाची मांडी आमच्या गावच्या देवळाच्या खांबाएवढी. एकाने आमची ठकू उचलली, दुसऱ्याने एक गोंडस टक्कल असलेलं बाळ. रणजित कॅमेरा घेऊन पुढे. मृणाल माझ्या शेजारी. जयाबाई कधी सरकल्या कळलं नाही. बघते तर आखाड्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला, ठकूच्या नजरेसमोर, पिशवीत हात घालून उभ्या.

झगा घातलेला पंच पुढे आला, पंखा हलवला आणि दोन्ही बाळांच्या तोंडाशी जाऊन ओरडला. टक्कलवालं बाळ नुसतं बघत राहिलं. ठकूने पैलवानाचा कान पकडला. लोक हसले. पंच आणखी मोठ्याने ओरडला. ठकूने दुसरा कानही पकडला. मग त्याने मुखवटा काढला. लाल, सुळेवाला. तोंडाला लावून तो "गाऽऽ" करत ठकूवर झेपावला.

ठकू खदखदून हसली. असं हसली, की पैलवानाचंही पोट हलायला लागलं. पंचाने मुखवटा काढून एकदा त्याच्याकडे बघितलं, बिघडला की काय म्हणून. मृणालने माझ्या दंडाला चिमटा काढला. "माई, तू काही केलंयस का?"

"मी? मी कशाला?"

आता माझं लक्ष समोर होतं. जयाबाईंचा हात पिशवीतून वर येत होता. तांब्याचा गळा उन्हात चमकला. ठकूने तो पाहिला. तिचं हसू जागच्या जागी थांबलं. मग तो खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. अनोळखी माणसाच्या हातांत, एवढ्या गर्दीत, इकडे तिकडे बघत ती कुणाला तरी शोधायला लागली. पैलवानाच्या हातांतले तिचे पाय एकदम लुळे पडले. संपलं, मी म्हटलं. भरा बॅग, कुमुद सामंत.

आणि जयाबाईंनी तांब्या पिशवीत परत कोंबला. वरून पदर घातला. मग तोच पदर तोंडावर ओढला, बाजूला केला आणि त्या जपानी शांततेत, फलटणच्या बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ठकुबाईऽऽ! भोऽऽ!"

ठकूने जी किंकाळी फोडली ती हसण्याची होती, पण कानठळ्या बसवणारी होती. ती ऐकून समोरचं टक्कलवालं बाळ दचकलं, त्याचा चेहरा आक्रसला आणि त्याने असं काही भोकाड पसरलं की देवळाच्या छपरावरची कबुतरं उडाली. पंचाने पंखा त्याच्या बाजूने उंच केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हरलो!" रणजित म्हणाला, पण हसत.

मी जिंकले होते.

परतताना पोरं पुढे, ठकू बापाच्या खांद्यावर झोपलेली. आम्ही दोघी मागे, झाडांखालच्या रस्त्याने.

"कौल तुमच्या बाजूने लागला," जयाबाई म्हणाल्या. "देवाने सांगितलं. मी आपली जाते."

"तांब्या का आत ठेवलात?"

"कसला तांब्या?"

"पिशवीतला."

त्यांनी चार पावलं टाकली. "तिचा ओठ बघितलात? परक्याच्या हातात, एवढ्या गर्दीत. न्हाणीघरात रडते तेव्हा मी असते हो जवळ. तिथे..." त्या थांबल्या. "नाही बघवलं." मग लगेच त्यांचा नेहमीचा सूर लागला. "आणि तुम्ही काय साळसूदपणे विचारताय? तुमचं ते लाल तोंडाचं भूत उशीखाली असतं, ते मला ठाऊक नाही? रोज रात्री चादर घालताना माझ्या हाताला शिंगं लागतात."

"मग बोलला का नाहीत?"

"पोर हसत होतं. कशाला बोलू?"

ठकू आता सातवीत आहे. भीती कशी ती तिला माहीत नाही, असं तिची आई म्हणते, आणि त्याचं श्रेय मी घेते. पण त्या रस्त्यावर मी काय केलं, ते मला अजून लख्ख आठवतं. मी थांबले आणि म्हटलं, "विहीणबाई, तुम्हीच राहा."

"छे, छे. कौल तुमचा."

"तुम्हीच राहा."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "खरं म्हणताय, का रीत म्हणून?"

"खरं."

मी मनातल्या मनात पुढच्या "नको हो"ची वाट बघत होते. तेवढी एक फेरी तरी होईल, मीही थोडी समजूत घालीन, डोळे पुसायला थोडा वेळ मिळेल, असं वाटलं होतं.

"बरं," जयाबाई म्हणाल्या. "मग राहते."

आणि पदर सावरून चालायला लागल्या.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा रणजितने हळूच विषय काढला. "मग? काय ठरलं तुमचं?"

जयाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "काय सांगू तुला. मी आपली नको नको म्हणत होते. कौलसुद्धा त्यांच्या बाजूने लागलेला. पण तुझ्या सासूबाई ऐकतील तर शपथ! इतका आग्रह, इतका आग्रह, की मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, एवढ्या प्रेमाने म्हणतायत, मन कशाला मोडा."

मृणाल माझ्याकडे बघत होती. तिला विचारायचं बरंच होतं, पण सासूसमोर विचारता येत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "घसा बसला माझा आग्रह करून."

रणजितला ठसका लागला. जयाबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि टोपलीतली सगळ्यात पातळ, सगळ्यात फुगलेली भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली.

"घ्या, विहीणबाई. पोटभर जेवा."

मी नको म्हटलं नाही.